विहाराच्या अंगणात राजायतन

विहाराच्या आवारात झाड लावायचे म्हटले की पहिला मान बोधिवृक्षाचा, म्हणजे पिंपळाचा. तो योग्यच आहे. परंतु पिंपळाला मोकळी जागा लागते. भिंतीला लागून लावलेला पिंपळ थोड्याच वर्षांत पायात आणि पाण्याच्या टाकीत मुळे घालतो. मग श्रद्धेने लावलेल्या झाडावर कुऱ्हाड चालविण्याची वेळ येते आणि कुणाचाही हात धजत नाही. दुसरी अडचण पाण्याची. जेथे माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे झाडाला पाणी कोठून आणायचे? म्हणून बौद्ध परंपरेशी नाते असलेल्या एका काटक वृक्षाची येथे ओळख करून देत आहे.

श्रीलंकेत या वृक्षाला ‘पलु’ म्हणतात. आपल्याकडे तोच रांजण किंवा खिरणी. शास्त्रीय नाव मनिलकारा हेक्झान्ड्रा. हा चिकूच्या कुळातला सदाहरित वृक्ष आहे. पाने जाड, चामड्यासारखी व टोकाला किंचित खाच असलेली. फांदी मोडली की चीक येतो. फळे लिंबोळीएवढी, पिवळी आणि गोड.

विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे की, संबोधीनंतर भगवान बुद्ध काही काळ राजायतन वृक्षाखाली बसले होते. तेथे तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी त्यांना सातू व मधाचे दान दिले आणि ते पहिले उपासक झाले. संघ अद्याप स्थापन झाला नव्हता. म्हणून त्यांनी बुद्ध आणि धम्म या दोनच शरणांचा स्वीकार केला. सिंहली परंपरा राजायतनाला ‘किरिपलु’ मानते. काही अभ्यासक तो चारोळीच्या जातीचा वृक्ष समजतात. महावंसातही राजायतन येतो. नागद्वीपात एका रत्नजडित आसनावरून दोन नागराजांत युद्ध जुंपले असता बुद्ध तेथे गेले आणि त्यांनी तंटा मिटविला. त्या वेळी जेतवनातील राजायतन वृक्ष छत्रासारखा त्यांच्यावर धरला होता, असे तेथे वर्णन आहे. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तंटा मिटविणाऱ्याच्या डोक्यावर झाडाची सावली असावी, ही कल्पना आजही मनाला भिडते.

लंका म्हटले की नारळी आणि चहाचे मळे डोळ्यांसमोर येतात. परंतु बेटाचा उत्तर, पूर्व व आग्नेय भाग कोरडा आहे. तेथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी पडतो; मे ते सप्टेंबर हे महिने बहुतांशी कोरडे जातात. अनुराधापूर याच पट्ट्यात आहे. राजा धातुसेनाने पाचव्या शतकात कलावेव हा प्रचंड तलाव बांधला, तोही याच कोरडेपणामुळे. या पट्ट्यातील रानांचा पलु हा प्रमुख वृक्ष. त्याची मुळे खोल जातात आणि जाड पाने ओलावा सहजासहजी सोडत नाहीत. याल आणि विल्पत्तुच्या अरण्यांत जून-जुलैला फळे पिकली की अस्वले झाडावर चढून बसतात.

आता लागवडीविषयी. रोपे बियांपासून होतात. बी तेलकट असल्याने फार दिवस टिकत नाही. फळ खाल्ल्यावर ते धुऊन आठवड्याच्या आत पेरावे. माती, वाळू व शेणखत सारख्या प्रमाणात घेऊन लांबट पिशवीत एक इंच खोल बी घालावे. उगवायला महिनाही लागू शकतो. बी न मिळाल्यास चिकूची कलमे करणाऱ्या रोपवाटिकेत विचारावे. चिकूचे कलम बहुधा रांजणाच्याच खुंटावर बांधतात. डहाणू-घोलवडकडच्या कित्येक चिकूंच्या खाली रांजणाचीच मुळे आहेत!

रोप दोन वर्षांचे झाल्यावर जागेवर लावावे. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. भिंतीपासून पंधरा-वीस फूट अंतर सोडावे. पाणी साचणारी जागा टाळावी.

वेळ मात्र नीट साधावी. आपण १४ एप्रिलला उत्साहाने झाडे लावतो आणि मे महिन्यात ती वाळतात. लंकेत ऑक्टोबरची लागवड चालते, कारण पाऊस तेव्हा सुरू होतो. आपला पाऊस तेव्हा संपत आलेला असतो. आपल्यासाठी आषाढ पौर्णिमा, म्हणजे वर्षावासाचा आरंभ, हाच उत्तम मुहूर्त. जयंतीला फार तर खड्डे खणून ठेवावेत. पहिले तीन उन्हाळे आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी, बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन आणि शेळ्यांपासून कुंपण, एवढे पुरे. पुढे झाड स्वतःचे पाणी स्वतः शोधते.

हा वृक्ष अतिशय सावकाश वाढतो. पहिली काही वर्षे तो वाढतच नाही असे वाटते. फळाला दहा-बारा वर्षेही लागतात. ही लांब मुदतीची ठेव आहे. व्याज नातवंडांनी घ्यायचे. सावकाश वाढल्यामुळेच लाकूड इतके जड होते की ते पाण्यात बुडते. लंकेत त्याचे रेल्वेचे स्लीपर होत असत. तोडायला एक दिवस आणि पुन्हा उभा राहायला एक पिढी, असा हा हिशेब आहे.

फलक लावून आणि फोटो काढून झाड जगत नाही. प्रत्येक रोपाची तीन उन्हाळ्यांची जबाबदारी एकेका कुटुंबाने नावानिशी घ्यावी. तपस्सु-भल्लिकांचे दान लहानच होते, पण ते वेळेवर दिले होते. उन्हाळ्यातली एक बादलीही तशीच आहे.

भवतु सब्ब मंगलं.