छापखान्याचा नफा कोठे जातो?

दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की छापखान्यांत रात्रीचा दिवस होतो. यंत्रास विसावा नसतो, बांधणाऱ्यांस उसंत नसते. पाहणाऱ्यास वाटावे, येथे लक्ष्मी पाणी भरीत असेल. परंतु दिवाळी सरते न सरते तोच याच छापखान्याचा मालक कामगारांच्या पगारासाठी बँकेच्या दाराशी उभा असतो.

हिशेब शाळकरी मुलासही उमगण्याजोगा आहे. उदाहरणादाखल १०० रुपयांच्या कामात ५० रुपये कागदाचे व १० रुपये नफ्याचे धरू. दर ठरल्यावर कागद २० टक्क्यांनी महागला, की नफा संपला. कागद स्थिर राहिला, पण पैसे चार महिन्यांनी मिळाले, तर गुंतलेल्या ९० रुपयांवर द. सा. द. शे. १२ दराने ३ रुपये ६० पैसे व्याज चढते. नफ्याचा तिसरा हिस्सा त्यातच गेला. यंत्राच्या कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही.

कागदाचे भय काल्पनिक नव्हे. २०२२ साली परकीय चलन आटताच श्रीलंकेत कागदाअभावी शालेय परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, काही वृत्तपत्रांस छपाई थांबवावी लागली. आपणही वृत्तपत्री कागदाचा मोठा भाग परदेशांतूनच आणतो.

उधारीवर उपाय म्हणून कायदा आहे. २००६च्या अधिनियमाप्रमाणे लघुउद्योगाचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते करावयाचे. न केल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३च्या वित्त कायद्याने तर मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरण्याची सवलतही काढून घेतली. पण दाद मागणार कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार करावी, तोच पुढील वर्षीचे काम देणारा!

जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. खिळे स्वतःच्या कारखान्यातले, शिवाय पंचांग आणि संस्कृत ग्रंथ स्वतःच्या प्रकाशनाचे. परक्याच्या कामावरच सारी भिस्त नव्हती. आजच्या लहान छापखान्यास तेवढा विस्तार कोठून झेपणार? तरी एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये, दरपत्रकावर मुदत घालावी, कागदाच्या साठ्याचा आगीचा विमा चुकवू नये, एवढे त्याच्या हाती आहे. उद्यम नोंदणी न करता कायद्याच्या संरक्षणाची अपेक्षा धरणारे मालक आम्ही पाहिले आहेत. त्यांचे काय करावे हे आम्हासही सुचत नाही.

पण अधिक बोलावयाचे ते गिऱ्हाइकांशी. जाहिरातदार पैसे उशिरा देतात, ही प्रकाशकांची अडचण खोटी नाही. ती निस्तरण्याचा भार मात्र शाई लागलेल्या हातांवर येतो. यंदाची छपाई ठरविताना कागदाची रक्कम आगाऊ द्यावी आणि बाकी ४५ दिवसांत फेडावी, अशी आमची मागणी आहे. आमच्यासारख्या पत्रांनीही, पुरवण्या व दिनदर्शिका बाहेर छापून घेताना, हाच नियम पाळावयास हवा.