विजेच्या मोटारीतला फ्यूज

दिवाळीत गिरगावच्या चाळीत फ्यूज गेला, की एखादे हौशी गृहस्थ जाडशी तार गुंडाळून दिवे परत आणीत. विजेच्या मोटारीत मात्र हा पराक्रम नको! भोंगा मुका झाला वा दिवा पेटेना, तर गाडी बंद करून माहितीपुस्तिकेत फ्यूजपेटीची जागा पाहावी. नेमका फ्यूज चिमट्याने उपसावा. आतली पट्टी तुटली असल्यास तितक्याच अँपिअरचा नवा बसवावा. सहसा तांबडा १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. तोही लगेच गेला, तर दोष दुसरीकडे आहे असे समजावे. मोठा फ्यूज घातला, तर फ्यूजऐवजी तारच जळेल. हे सारे १२ व्होल्टांच्या लहान बॅटरीपुरते. नारिंगी तारांत शेकडो व्होल्ट खेळतात. तिथे हात न घालता जाणता कारागीरच बोलवावा.