पात्यातली चीर सांगणारे स्ट्रॉन्शियम

हेलिकॉप्टरच्या पात्याला पडणारी चीर सुरुवातीला केसाएवढी असते. दर फेरीला पाते वर-खाली लवते, चीर कणाकणाने पुढे सरकते आणि एके क्षणी पाते तुटते. इंजिन बंद पडले तरी फिरत्या पंख्याच्या आधारावर खाली उतरता येते. पाते तुटल्यावर वैमानिकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून चीर उडतानाच कळायला हवी.

अमेरिकेच्या सीएच-५३ या अवजड हेलिकॉप्टरमध्ये त्यासाठी नामी युक्ती वापरली गेली. पात्याचा मुख्य दांडा आतून पोकळ असतो. त्यात दाबाने नायट्रोजन भरतात. चीर पडली की वायू निसटतो आणि दाब उतरतो.

पण हे वैमानिकाला कळवायचे कसे? पाती सेकंदाला सुमारे तीन फेऱ्या घेतात. तिथून सरळ तार आणली तर ती पिळवटून तुटेल. इथे कामी आले स्ट्रॉन्शियम-९०. प्रत्येक पात्याला एक छोटी डबी आणि तिच्यात या किरणोत्सारी मूलद्रव्याची अत्यल्प मात्रा. दाब ठीक असेपर्यंत ही मात्रा आडोशामागे दडलेली असते. दाब उतरला की आडोसा दूर होतो. बाहेर पडणारे बीटा कण हेलिकॉप्टरच्या अंगावरचा शोधक टिपतो आणि कॉकपिटमध्ये इशाऱ्याचा दिवा लागतो.

बीटा कणांची निवड विचारपूर्वक केलेली आहे. धातूचा पातळ पत्राही त्यांना अडवतो, मोकळ्या हवेत मात्र ते काही मीटर जातात. त्यामुळे संदेश स्पष्ट मिळतो. शिवाय स्ट्रॉन्शियम-९० चा अर्धायुष्यकाळ सुमारे २९ वर्षांचा, म्हणजे ते दीर्घकाळ टिकते; आणि त्याला बॅटरीही लागत नाही.

पण याच डब्या अपघातात काळजीचे कारणही ठरतात. १३ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधील ओकिनावात अमेरिकी मरीन दलाचे सीएच-५३डी विद्यापीठाच्या आवारात कोसळून पेटले. तिघे सैनिक जखमी झाले. सहा पात्यांच्या सहा डब्यांपैकी एक सापडली नाही. मात्रा अल्प होती, तरी स्ट्रॉन्शियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत जाऊन बसते. रहिवाशांची काळजी रास्तच होती.

ही युक्ती विलक्षण आहे, यात शंका नाही. पण किरणोत्सारी डबी बसवणाऱ्याची जबाबदारी दिवा लागला की संपत नाही. आपल्या छपरांवरून काय उडते, हे खाली राहणाऱ्यांना अपघाताआधीच ठाऊक असले पाहिजे.