अंतर्गत सजावटीतील कार्यक्रम व पर्जन्यकाळ

अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात नफा-तोटा केवळ रेखाटनावर नव्हे, तर कामांच्या क्रमावर ठरतो. विजेच्या नळ्या गिलाव्यापूर्वी भिंतीत बसल्या नाहीत, तर पुरी झालेली भिंत पुन्हा फोडावी लागते. रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी १९५७ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत आकारास आलेली 'निर्णायक मार्ग' पद्धती हेच सांगते: ज्या साखळीतील एका दिवसाचा विलंब सारे काम एक दिवस लांबवितो, तिच्यावर प्रथम लक्ष द्यावे.

सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात या साखळीत ऋतूचीही गणना करावी लागते. सह्याद्रीच्या सान्निध्यामुळे येथील पाऊस जत-आटपाडीहून कितीतरी अधिक. दमट हवेत लाकूड फुगते. लाखेच्या पॉलिशमधील स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंडावून त्यावर बाष्प जमते व पांढुरकी झाक उमटते. यास्तव पॉलिश मेअखेर पुरे व्हावे असे धरून, तेथून उलट मोजीत सुतारकाम, गिलावा व लाकूडखरेदी यांच्या तारखा ठरविणे इष्ट होय. ते न साधल्यास पॉलिश दसऱ्यानंतर घ्यावे, आणि ही मुदत करारातच नमूद करावी. अन्यथा तेच काम दोनदा करावे लागून अंदाजपत्रकातील नफा मजुरीतच खर्ची पडतो.