उचललेलं अक्षर परत ठेवायचं कसं?

आपल्या गटातल्या कितीतरी जणींच्या मुली आता तालुक्याला कॉम्प्युटर शिकायला जातात. काय शिकतेस विचारलं की म्हणतात, "आई, तुला नाही कळायचं." आज त्यातलंच एक समजून घेऊ या.

'सी' ही कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती घडवली. या भाषेत 'गेटसी' म्हटलं की समोरच्या मजकुरातलं एक अक्षर हाती येतं. एका वेळी एकच.

समजा गटाच्या हिशेबात बचत आणि दंड मिळून १५०+२० असं लिहिलंय. प्रोग्रॅमने एक वाचला, पाच वाचला, शून्य वाचलं. आकडा संपला का? पुढचं अधिकचं चिन्ह उचलल्याशिवाय ते कळत नाही. पोतीतले काळे मणी मोजताना सोन्याचा मणी बोटाला लागतो तेव्हाच काळे संपल्याचं कळतं ना, तसंच. पण चिन्ह तर उचललं गेलं! ते हातातून गळलं तर बेरीज करणाऱ्या भागाला दिसणारच नाही, आणि १७० चा हिशेब काही जुळायचा नाही.

इथे 'अनगेटसी' कामाला येतं. ते उचललेलं अक्षर रांगेच्या तोंडाशी परत ठेवतं, मग पुढच्या गेटसीला तेच पहिलं मिळतं. मूळ फाइलीत मात्र काहीही बदलत नाही.

खात्री फक्त एकाच अक्षराची असते. लागोपाठ आणखी ठेवली तर कुठे चालतं, कुठे नाही. चाललंच तर शेवटी ठेवलेलं आधी निघतं, दुरडीतल्या भाकरींसारखं. आणि हे 'एक' म्हणजे एक बाइट बरं का. इंग्रजी अक्षर किंवा आकडा एका बाइटमध्ये मावतो. आपला 'क' मात्र युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतो. म्हणजे मराठी नावं वाचताना एकट्या अनगेटसीवर विसंबता येत नाही. मुलींना हे जरूर विचारा, पुष्कळदा शिकवताना राहून जातं.

फाइल संपल्याची खूण, म्हणजे 'ईओएफ', परत ठेवता येत नाही. आणि परत ठेवलेलं अक्षर वाचण्याआधीच 'रिवाइंड' करून फाइलीच्या सुरुवातीला गेलं, तर ते ठेवलेलं अक्षर विसरलं जातं.