रिमफायर लक्ष्यवेधी पिस्तुलाच्या नळीची लांबी : निवडीचे निकष – एक विवेचन

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या क्रीडाक्षेत्रात नेमबाजीने गेल्या दोन दशकांत स्वतःचे स्वतंत्र स्थान निर्माण केले आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी सुवर्ण, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्यपदक मिळविले व दुहेरीचे सुवर्णपदक या दोघींनी मिळून जिंकले. पुढे २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत राही सरनोबत सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या. २२ ऑगस्ट २०१८ रोजी आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत थायलंडच्या प्रतिस्पर्धीशी ३४–३४ अशी बरोबरी झाल्यानंतर दोन वेळा शूट-ऑफ घ्यावा लागला आणि त्यातून त्यांनी मिळविलेले सुवर्णपदक हे आशियाई स्पर्धेतील भारतीय महिला नेमबाजाचे पहिले वैयक्तिक सुवर्ण ठरले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांना रायफल प्रकारात मिळालेल्या कांस्यपदकामुळे या खेळाविषयीचे कुतूहल ग्रामीण भागातील महाविद्यालयांपर्यंत पोहोचले आहे.

सोलापूर, बार्शी, पंढरपूर यांसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याचा या खेळातील प्रवेश सामान्यतः १० मीटर एअर पिस्तुलाने होतो. त्यापुढची पायरी म्हणजे पॉइंट टू-टू रिमफायर पिस्तूल होय. या टप्प्यावर पालक व क्रीडाशिक्षक यांच्यापुढे नळी किती लांबीची घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो. ‘नळी जितकी लांब तितका नेम अचूक’ असा एक दृढ समज आपल्याकडे आहे. तो बंदूक व रायफल यांच्या अनुभवातून आलेला असून लक्ष्यवेधी पिस्तुलाला मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा भौतिकशास्त्र, स्पर्धेचे नियम आणि कायदा या तीन अंगांनी विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) नळीच्या लांबीचा गोळीचा वेग व अचूकता यांच्याशी असणारा संबंध स्पष्ट करणे.
२) नळीची लांबी आणि साइटमधील अंतर या दोन भिन्न संकल्पनांतील फरक दाखविणे.
३) विद्यार्थी नेमबाजासाठी खरेदीपूर्व निवडीचे व्यवहार्य निकष सुचविणे.

नियमांची चौकट :

रिमफायर काडतुसात पेट घेणारे स्फोटक मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. त्या कडेवर आघात होताच आतील दारू पेटते. पॉइंट टू-टू लाँग रायफल या काडतुसातील गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, शिशाची व ५.६ मि.मी. व्यासाची असते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार २५ मीटर प्रकारातील पिस्तुलाची नळी १५३ मि.मी.पेक्षा लांब असता कामा नये. पुढील व मागील साइटमधील अंतर २२० मि.मी.पर्यंत आणि एकूण वजन १४०० ग्रॅमपर्यंत मर्यादित आहे, तर ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम असावा लागतो. शिवाय संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मि.मी. मापाच्या पेटीत बसले पाहिजे. स्वयंभरण पिस्तुलाच्या नळीचे माप काडतुसाच्या कक्षासह घेतले जाते, ही बाब ध्यानात ठेवावी. याउलट ५० मीटर फ्री पिस्तूल प्रकारात नळीच्या लांबीवर बंधन नव्हते. त्या प्रकारातील प्रसिद्ध रशियन तोझ-३५ पिस्तुलाची नळी ३०० मि.मी. लांब होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. त्यामुळे आज विद्यार्थ्याच्या दृष्टीने निवडीचा प्रश्न प्रामुख्याने १५३ मि.मी.च्या मर्यादेच्या आतच सोडवावा लागतो.

या मर्यादेतही निर्मात्यांनी भिन्न मार्ग स्वीकारलेले दिसतात. वॉल्थर जीएसपी या जर्मन पिस्तुलाची नळी १०७ मि.मी. आहे, तर स्विस बनावटीच्या हेमर्ली २०८ ची १५० मि.मी. होती. या दोन्ही पिस्तुलांवर जागतिक दर्जाचे नेमबाज घडले. केवळ लांबी निर्णायक असती तर असे घडले नसते.

वेगाचा विचार :

लाँग रायफल काडतुसातील दारू अत्यल्प, म्हणजे एक दशांश ग्रॅमपेक्षाही कमी असते. लांब नळीत वायूला गोळी ढकलण्यास अधिक अवधी मिळतो व वेग काहीसा वाढतो, हे खरे आहे. परंतु २५ मीटर अंतरावर या वाढीचा उपयोग किती, हे पाहणे उद्बोधक ठरेल. गोळीचा वेग सेकंदाला २८० मीटर मानला तर लक्ष्यापर्यंत पोहोचेतो ती गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे ३९ मि.मी. खाली येते. हाच वेग ३०० मीटर असेल तर घट सुमारे ३४ मि.मी. होते. हा ५ मि.मी.चा फरक प्रत्येक गोळीला सारखाच असल्याने साइट एकदा जुळविली की तो नाहीसा होतो. कागदी लक्ष्य भेदण्यास दोन्ही वेग पुरेसे आहेत.

अचूकतेला बाधा येते ती वेग कमी असल्याने नव्हे, तर एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा वेगळा असल्याने. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर २५ मीटरवर सुमारे ३ मि.मी.चे अंतर पडते. हा दोष मुख्यतः काडतुसाच्या दर्जाशी निगडित आहे. म्हणून विशिष्ट नळीला कोणत्या उत्पादन-संचाचे काडतूस मानवते, हे स्टँडवर पिस्तूल स्थिर ठेवून तपासणे लांबीच्या चर्चेपेक्षा अधिक फलदायी ठरते.

साइटमधील अंतर :

‘लांब नळी अचूक’ या समजाचे मूळ साइटमधील अंतरात आहे. जुन्या पद्धतीच्या शस्त्रांत पुढील साइट नळीच्या टोकावर बसविलेली असे. त्यामुळे नळी लांब म्हणजे दोन साइटमधील अंतरही अधिक, असे समीकरण तयार झाले. हे अंतर अधिक असल्यास जुळणीतील चूक लक्ष्यावर लहान होते, हे निर्विवाद आहे. पुढील साइट खाचेच्या मध्यापासून ०.१ मि.मी. सरकली तर १८० मि.मी. अंतर असलेल्या पिस्तुलात २५ मीटरवर १३.९ मि.मी.ची चूक होते. २२० मि.मी. अंतरात तीच चूक ११.४ मि.मी. असते. प्रिसिजन टप्प्यातील लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मि.मी. असतो, हे लक्षात घेता हा फरक दुर्लक्षणीय नाही.

तथापि आधुनिक पिस्तुलात साइट नळीवर नव्हे, तर सांगाड्यावर बसविलेल्या असतात. १०७ मि.मी. नळीच्या जीएसपीमध्येही साइटमधील अंतर २२० मि.मी.च असते. म्हणजे आखूड नळी घेतल्याने साइटचा लाभ गमवावा लागत नाही. एअर पिस्तुलात साइटमधील अंतर बहुधा ३०० मि.मी.हून अधिक असते. त्यावरून रिमफायर पिस्तुलाकडे वळलेल्या विद्यार्थ्यास प्रारंभी चुका मोठ्या झाल्यासारखे वाटते. त्याचे कारण नळीत नसून या कमी झालेल्या अंतरात आहे, हे शिक्षकाने त्यास समजावून द्यावे.

वजन आणि तोल :

नळीच्या लांबीचा खरा परिणाम जाणवतो तो हाताला. समजा, १०० ग्रॅम वजन मनगटापासून १०० मि.मी. पुढे आहे. तेच १५० मि.मी. पुढे नेल्यास मनगटावरील भार दीडपट होतो, परंतु जडत्व-आघूर्ण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून सव्वादोनपट होते. या दोन राशींच्या वाढीतील तफावतीतच निवडीचे मर्म आहे. वाढलेले जडत्व हाताचा सूक्ष्म कंप शोषून घेते व गोळी सुटताना टोकाची उसळी कमी करते. मात्र वाढलेला भार मनगट व खांदा यांना थकवितो.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३० गोळ्या प्रिसिजन टप्प्यात व ३० गोळ्या रॅपिड टप्प्यात झाडल्या जातात. पहिल्या टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात. येथे पुढे झुकलेला तोल उपकारक ठरतो. दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसते व सात सेकंद अदृश्य असते. प्रत्येक वेळी हात खालून उचलून, थांबवून एक गोळी झाडावयाची असते. टोक जड असेल तर हात लक्ष्याच्या वर जाऊन मागे येतो व तीन सेकंदांपैकी मोलाचा अंश वाया जातो. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात तर पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या अनुक्रमे ८, ६ व ४ सेकंदांत झाडाव्या लागतात. यावरून दोन्ही टप्प्यांसाठी एकच पिस्तूल वापरणाऱ्या विद्यार्थ्याला टोकाचा पर्याय परवडणारा नाही, असे दिसून येते.

गोळी नळीत असण्याचा अवधी :

लांब नळीत गोळी अधिक काळ राहते व तेवढ्यात हात हलतो, असाही एक आक्षेप घेतला जातो. १०७ व १५३ मि.मी. या दोन नळ्यांतील ४६ मि.मी.चे अंतर गोळी सुमारे ०.१८ मिलिसेकंदात पार करते. हात सेकंदाला एक अंश या गतीने ढळत असला तरी तेवढ्या वेळात लक्ष्यावर पडणारा फरक ०.०८ मि.मी. इतकाच असतो. याउलट ट्रिगर सुटल्यापासून दारू पेटेपर्यंत यंत्रणेने ५ मिलिसेकंद घेतल्यास तोच फरक २ मि.मी.हून अधिक होतो. तात्पर्य, ट्रिगरची गुणवत्ता आणि मुठीचा हाताशी असलेला मेळ यांचे महत्त्व या बाबतीत नळीच्या लांबीहून कितीतरी अधिक आहे.

कायद्याची बाजू :

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार रिमफायर पिस्तूल व त्याची काडतुसे बाळगण्यास परवाना आवश्यक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ६ अन्वये परवान्याविना अग्निशस्त्राची नळी आखूड करण्यास मनाई आहे. म्हणजे नळी लांब वाटली तर कापून घेता येईल, हा विचार तांत्रिकदृष्ट्याच नव्हे तर कायद्यानेही अग्राह्य आहे. स्पर्धात्मक पिस्तुले बहुतांशी आयात केलेली व मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने महाग असतात. निवड चुकली तर विद्यार्थ्याची उमेदीची दोन-तीन वर्षे प्रतिकूल तोलाच्या शस्त्राशी झगडण्यात जातात व पुष्कळदा तो खेळच सोडून देतो. महाविद्यालयाने या टप्प्यावर दिलेला सल्ला म्हणूनच जबाबदारीचा ठरतो.

निवडीचे निकष :

१) प्रथम साइटमधील अंतर २२० मि.मी.च्या जवळ आहे किंवा नाही, हे पाहावे. नळीची लांबी त्यानंतर पाहावी.
२) मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या शस्त्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, किमान दोन भिन्न लांबींची पिस्तुले एकाच काडतुसाने वापरून पाहावीत.
३) केवळ पहिल्या दहा गोळ्यांवरून मत बनवू नये. दोन्ही टप्प्यांच्या साठ गोळ्या पूर्ण करून रॅपिड टप्प्यातील पहिल्या पाच व शेवटच्या पाच गोळ्यांची तुलना करावी. शेवटच्या गोळ्या सातत्याने खाली जात असतील तर टोक जड आहे, असे समजावे.
४) मूठ हाताच्या मापाची असावी. चुकीच्या मुठीवर घेतलेली कोणतीही चाचणी नळीविषयी काही सांगू शकत नाही.
५) पुढे जोडावयाच्या वजनांची सोय आहे का, हे तपासावे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, १५३ मि.मी.च्या मर्यादेत नळीची लांबी अचूकतेचे उगमस्थान नसून तोल साधण्याचे साधन आहे. ज्याचे मनगट अद्याप घडत आहे अशा विद्यार्थ्याने २२० मि.मी. साइट-अंतर राखणारी आखूड वा मध्यम, म्हणजे ११० ते १३० मि.मी.च्या आसपासची नळी निवडणे श्रेयस्कर होय. आखूड नळीच्या पिस्तुलाला १४०० ग्रॅमच्या मर्यादेत पुढे वजन जोडून ते सावकाश जड करता येते, पण लांब व जड नळी पुढे हलकी करता येत नाही. वाढत्या ताकदीबरोबर बदलता येणारे शस्त्र हेच विद्यार्थिदशेला योग्य शस्त्र होय. बलवान व प्रिसिजन टप्प्यात विशेष गती असलेल्या नेमबाजाने १५० मि.मी.चा विचार अवश्य करावा, परंतु तो साठ गोळ्यांच्या चाचणीनंतर. नळीच्या लांबीवर खर्चावयाची अधिकची रक्कम चांगल्या काडतुसांवर आणि सरावावर खर्च केल्यास तिचे फळ लक्ष्यावर निश्चित दिसेल.