दाखला देणारी समिती चालते कशी?

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. आमच्या दुकानासमोर एक भाई बरीच वर्षे कटपीस विकतो. पालिकेची पाहणी झाली तेव्हा तो ईदसाठी गावी गेला होता. यादीत नाव नाही, म्हणून दाखला नाही. असे नुकसान पुष्कळांचे होते. म्हणून दाखला देणाऱ्या नगर पथविक्रेता समितीची माहिती येथे देत आहोत.

फेरीवाल्यांचा केंद्रीय कायदा १ मे २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार पाहणीत नोंद झालेल्यांना विक्रीचा दाखला ही समिती देते. महापालिकेत आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात व त्यांतील एकतृतीयांश महिला. मागासवर्गीय, अल्पसंख्याक व अपंग यांनाही त्यांत योग्य स्थान देणे बंधनकारक आहे. सामाजिक संस्थांचे किमान १० टक्के. शिवाय पोलीस, वाहतूक पोलीस, बँका, रहिवासी संघ आणि व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी. म्हणजे दुकानदारही तेथे बसतो.

समितीची बैठक नियमांत ठरवून दिलेल्या पद्धतीने होते. महत्त्वाची गोष्ट ही की, प्रत्येक निर्णय कारणांसह जाहीर करावा लागतो. "साहेब नाही म्हणाले" हे कारण होत नाही. बैठकीचे इतिवृत्त माहिती अधिकाराचा (२००५) अर्ज करून मागता येते.

मतदानाकडे दुर्लक्ष करू नये. मुंबईत ऑगस्ट २०२४ मध्ये मतदान झाले, पण २०१४ च्या पाहणीत पात्र ठरलेल्यांनाच मत देता आले. यादीत नाव नसेल तर रोजीही गेली आणि मतही गेले.

मग राहून गेलेल्याने काय करावे? पाहणी किमान दर पाच वर्षांनी व्हावी, असे कायदा सांगतो. दोन पाहण्यांच्या मधल्या काळातही जागेची क्षमता पाहून समिती नव्या अर्जदारास दाखला देऊ शकते. दाखला नाकारला किंवा रद्द केला तर पालिकेकडे अपील आहे. इतर तक्रारींसाठी वेगळी समिती असून, पूर्वी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेली व्यक्ती तिची अध्यक्ष असते.

कटपीसवाल्या भाईला आम्ही इतकेच सांगितले : अर्ज लेखी द्या, पोच घ्या, जुन्या पावत्या जपून ठेवा. आणि पुढच्या पाहणीच्या वेळी गावी जायचे झाले, तर घरचे कोणीतरी जागेवर बसवून जा.